भेटींचं खरं पत्रक

सेक्टर १९, चंदीगड
२ जुलै १९७४

तीर्थरूप भानुदासमामा,

नमस्कार. आधी खुर्चीत नीट बसा, चष्मा लावा आणि शैलजामामीलाही हाक मारा. तुमची भाची साहेब झाली!

थट्टा नाही. 'सुवर्णा कुकर' कंपनीच्या चंदीगड कचेरीची प्रमुख म्हणून मी कालपासून कामावर रुजू झाले. अविनाशच्या सरकारी बदल्यांबरोबर चार गावं हिंडले, प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्या मोजून नवे पडदे शिवले. यंदा मात्र मशीन झाकून ठेवलंय. सकाळी डबा भरून अविनाश एकीकडे आणि मी दुसरीकडे! पहिल्या दिवशी तर आनंदाच्या भरात दोन्ही डबे मीच घेऊन गेले.

कचेरी म्हणजे सेक्टर २२च्या बाजारात एका दुकानावरची खोली. हाताखाली चौघी आहेत. सायकलच्या कॅरिअरला कुकर बांधून घरोघर जायचं, त्या घरच्या स्वयंपाकघरात काहीतरी शिजवून दाखवायचं आणि कुकर विकायचा, हे त्यांचं काम. सगळ्यांत जुन्या हरबंस कौर, वय पन्नाशीचं. बाकी संतोष, निर्मल आणि सुरिंदर, तिशीच्या आतबाहेर. चौघीही मला फक्त 'जी मैडम' म्हणतात. काम सांगितलं की 'जी मैडम', विनोद केला तरी 'जी मैडम'. उद्या मी आकाश हिरवं आहे म्हटलं, तरी तेच ऐकू येईल.

आता काळजीचं सांगते. दिल्लीच्या खोसलासाहेबांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. तोवर विक्री वाढली नाही तर ही कचेरी बंद. चौघी घरी, आणि मी परत पडद्यांकडे. हरबंसजींना नवरा नाही, त्यांचं घर याच कामावर चालतं.

रॉकेल मिळत नाही म्हणून लोक रांगा लावतायत. अशा दिवसांत कुकर हातोहात खपायला हवेत, पण नाही. चौघी रोज संध्याकाळी भेटींचं पत्रक भरतात, त्यात 'भेटी : पंधरा' लिहिलेलं असतं. रोज, चौघींचंही, पंधरा. इतक्या घरी जाऊनही कोणी घेत नाही. मी स्वतः बरोबर जाऊन दहा मिनिटांत तूरडाळ शिजवून, हिंग-गूळ घालून वरण करून दाखवते. बायका वाहवा करतात, चहा पाजतात आणि हात जोडून निरोप देतात!

तुम्ही चहा कंपनीचा कोल्हापूरचा डेपो वर्षानुवर्षं चालवलात. माणसं हलवायची कशी, ते लवकर कळवा. आणि तुम्हाला पार्सलनं पाठवलेला कुकर कसा चाललाय?

तुमची,
शोभना

*

सांगली
११ जुलै १९७४

चि. शोभा,

अनेक आशीर्वाद. चष्मा लावला, मामीला बोलावलं, पत्र मोठ्यांदा दोनदा वाचलं. नंतर समोरच्या दुकानदाराला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं. आमच्या घरात डेपो सांभाळणारी पहिली बाई तू. छाती भरून आली बघ.

आता कामाचं. अगं, रोज पंधरा म्हणजे काय? माणूस रोज मोजून पंधरा शिंका तरी देतो का? कधी पाऊस असतो, कधी सायकल पंक्चर होते, कधी पोटात दुखतं. त्या बायका तुझ्या डोळ्यांत धूळ फेकतायत आणि तू त्यांना विनोद सांगत बसलीयस!

ऐक. कोणाला काही न सांगता एके दिवशी सगळ्यांत जुनीच्या मागावर जा. पत्रकातलं खोटं पकड. सगळ्यांच्या देखत विचार. एकीला धरलंस की बाकीच्या आपोआप सरळ होतील. कोल्हापुरात मी हेच केलं होतं. त्यानंतर माझ्या माणसांची पत्रकं आरशासारखी लख्ख यायला लागली. त्यावरच तर मला बढती मिळाली.

कुकर उत्तम चाललाय. भात मोकळा होतो.

तुझा,
मामा

ता. क. शोभना, मी शैलजा. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून चोरून लिहिते. कुकर खोक्यासकट फळीवर आहे. तो उडतो, असं ह्यांचं ठाम मत आहे. मला हात लावू देत नाहीत. मी कळवलंय हे सांगू नकोस.

*

चंदीगड
२४ जुलै १९७४

तीर्थरूप मामा,

तुमची युक्ती लागू पडली! घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या.

परवा अविनाशला अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली आणि स्कूटरवर मागे बसून हरबंसजींच्या पाठलागावर निघाले. इथले रस्ते असे सरळसोट की लपायला वळणच नाही. त्यांची सायकल पुढे, आम्ही फर्लांगभर मागे. अविनाश सारखा म्हणे, 'हे मला बरं दिसत नाही.' मी त्याला गप्प केलं.

हरबंसजी सेक्टर १५मधल्या एका घरात शिरल्या. एक तास झाला, दोन झाले. तिसरा तास संपता संपता ओढणीला हात पुसत बाहेर आल्या आणि तडक कचेरीकडे वळल्या. संध्याकाळी पत्रकात काय लिहिलं असेल? 'भेटी : पंधरा'!

काल सकाळी तिघींच्या देखत मी ते पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "हरबंसजी, सेक्टर पंद्रह के एक ही घर में आप तीन घंटे थीं. बाकी चौदह घर कहाँ हैं?"  त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग खाली गेल्या, सायकलवरचा कुकर सोडून आणला, तो माझ्या टेबलावर ठेवला, वर शिट्टी ठेवली आणि निघून गेल्या.

एकीला धरलं की बाकीच्या सरळ होतील म्हणाला होतात ना? आज बाकीच्या तिघी आल्याच नाहीत. मी दिवसभर खोलीत एकटी आहे आणि तो कुकर माझ्यासमोर आहे.

मामा, जिंकल्यावर असंच वाटतं का?

शोभना

*

(पोस्टकार्ड)

सांगली
३१ जुलै १९७४

शोभा,

ती तीन तास त्या घरात काय करत होती? हे तू तिला विचारलंस का? तुझ्या पत्रात कुठेच नाही. चार वेळा शोधलं.

विचारलं नसशील तर हे कार्ड हातात पडताच उठ आणि तिच्या घरी जा. बोलावू नकोस, स्वतः जा. ती काय म्हणते ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. मी असं का सांगतो, ते मला विचारू नकोस.

मामा

*

चंदीगड
१४ ऑगस्ट १९७४

तीर्थरूप मामा,

तुमचं कार्ड आलं त्याच दुपारी गेले. आणि आता इतकं सांगायचंय की कुठून सुरुवात करू हेच कळत नाही!

हरबंसजींनी दार उघडलं, मला पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी म्हटलं, "मैंने पूछा ही नहीं था. अब पूछने आई हूँ."  त्या बोलायला लागल्या आणि मी तुमचं ऐकून तोंड मिटून बसले.

सेक्टर १५मधल्या त्या घरी त्यांनी गेल्या वर्षी कुकर विकला होता. त्याची रबराची रिंग सैल झाली, वाफ बाहेर यायला लागली, आणि सासूनं सुनेला सांगितलं, ही ब्याद फेकून दे. सुनेनं हरबंसजींना निरोप धाडला. त्या तिथे तीन तास होत्या त्या रिंग बदलायला, सासूच्या हातून दोनदा डाळ शिजवून घ्यायला आणि तिची भीती घालवायला. असं करायला कंपनीनं त्यांना कधी सांगितलेलं नाही. त्या घरानं आजवर त्यांना आणखी चार गिऱ्हाइकं दिलीत! आणि मी स्कूटरवर बसून चोर पकडत होते. लाज वाटली मामा, अगदी खरी लाज.

"मग पंधरा का लिहिता?" मी विचारलं. तर म्हणाल्या, माझ्याआधीच्या साहेबांचा हुकूमच तसा होता. एका घरी जाऊन शिजवून दाखवायचं तर तास-दीड तास हवा, दिवसात पंधरा घरं कोणाच्यानं होतील? पण कमी लिहिलं की लांबचा सेक्टर आणि वर अपमान. म्हणून चौघींनी ठरवून पंधराच लिहायचं. नवीन मैडमही तशीच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि मी तशीच निघाले.

मग मी धीर करून विचारलं, "मेरी दाल में क्या कमी है?" त्यावर हरबंसजी पहिल्यांदा हसल्या. ओढणी तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारीण डोकावली! म्हणाल्या, "मैडमजी, अरहर तो वैसे भी गल जाती है. उसके लिए कुकर कौन लेगा? इधर राजमा पकता है, साबुत उड़द पकता है. सुबह से अंगीठी पर चढ़ाओ तो दोपहर को गले. वो गला के दिखाओ, फिर देखो!"

अरहर म्हणजे आपली तूर! मी कपाळावर हात मारला. महिनाभर मी या बायकांना हिंग-गुळाचं वरण खाऊ घालत होते! आमच्या घरी डाळ म्हणजे तूर, तेव्हा जगात सगळीकडे तूरच असणार! चौघींना पहिल्या दिवसापासून हे माहीत होतं. "मग सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, "आपने कब पूछा?"

दुसऱ्या दिवशी चौघीही आल्या. हरबंसजींनीच बाकीच्यांना आणलं. मी सगळ्यांच्या देखत त्यांची माफी मागितली, कारण अपमानही सगळ्यांच्या देखतच केला होता. मग एक कोरं पत्रक घेतलं, खाली 'चूक' असा नवा रकाना आखला आणि लिहिलं : 'भेटी : एक. तूरडाळ शिजवली. कुकर विकला नाही. चूक : माझी.' ते भिंतीला चिकटवलं आणि सांगितलं, यापुढे जे झालं तेच लिहायचं. शून्य तर शून्य. कमी लिहिलं म्हणून कोणाला लांब पाठवणार नाही. शून्य असेल तर दुसऱ्या दिवशी मी बरोबर येईन, तपासायला नाही, कुकर उचलायला.

तीन दिवस भिंतीवर माझं एकटीचंच पत्रक होतं. चौथ्या दिवशी निर्मलनं हळूच तिचं लावलं : 'भेटी : दोन. एका घरी शिट्टी न्यायला विसरले. चूक : माझी.' खोलीत जो हशा पिकला, तो तुम्ही ऐकायला हवा होता! त्या आठवड्यात राजमा शिजवून आम्ही जेवढे कुकर विकले, ते आधीच्या सबंध महिन्याहून जास्त.

आणि आता पेच. खोसलासाहेबांनी ऑगस्टची पत्रकं दिल्लीला मागवलीत. सगळ्या कचेऱ्यांतून पंधरा-पंधरा जाणार आणि माझ्याकडून दोन-तीन. विक्री वाढतेय, पण अजून बेताचीच. हे पाहून ते दिवाळीची वाटही बघायचे नाहीत. खरी पत्रकं पाठवू, की पुन्हा पंधरा भरू? भिंतीवरच्या पत्रकांसमोर बसून तुम्हाला विचारतेय.

शोभना

ता. क. एक कोरं पत्रक सोबत पाठवतेय, तुमच्या माहितीसाठी.

*

सांगली
२३ ऑगस्ट १९७४

चि. शोभा,

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा तोंडातून निघालं, 'पंधरा भर आणि मोकळी हो. चार बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे.' तसं लिहून पाकीटही बंद केलं होतं. मग ते फाडलं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. मामीलाही ठाऊक नाही.

कोल्हापुरात माझ्या हाताखाली बाळकृष्ण म्हणून एक विक्रेता होता. इस्लामपूरची बाजू बघायचा. एकदा न कळवता मी सकाळी दहाला इस्लामपूरच्या पेठेत जाऊन उभा राहिलो. बाळकृष्ण नाही. संध्याकाळी त्याच्या पत्रकात पेठेतली सगळी दुकानं लिहिलेली! दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ते पत्रक फडकावलं आणि त्याला काढून टाकलं. तोही तुझ्या हरबंससारखाच गप्प राहिला.

सहा महिन्यांनी त्या पेठेतला दुकानदार भेटला. म्हणाला, त्या दिवशी बाळकृष्ण पहाटे सहालाच आला होता. सगळ्यांना उठवून माल देऊन गेला, कारण नऊ वाजता मिरजेत त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. पत्रक खरं होतं, शोभा. मी विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही.

पुढे पत्रकं आरशासारखी लख्ख यायला लागली म्हणून मी तुला लिहिलं. लख्ख येणारच, मला हवं तेच सगळे लिहीत होते! डेपोची विक्री बसली आणि मला गोदामावर टाकलं. घरी सांगितलं, बढती मिळाली. त्यालाही अकरा वर्षं झाली. दुकानदारानं सांगितल्यावरही मी बाळकृष्णाकडे गेलो नाही. हिंमत झाली नाही.

तेव्हा पत्रकं पाठवायची कशी, ते मला विचारू नकोस. मी या विषयात नापास झालेला माणूस आहे. त्या चौघींना विचार. नोकरी त्यांचीही आहे.

मामा

*

चंदीगड
२० सप्टेंबर १९७४

तीर्थरूप मामा,

उभ्या उभ्या लिहितेय, बसवतच नाही! सगळं क्रमानं सांगते.

तुम्ही म्हणालात तसं चौघींना विचारलं.  निर्मलच आधी म्हणाली, "झूठ लिखेंगे तो यह दीवार उतारनी पड़ेगी." झालं! खरी पत्रकं पाठवली, वर पाचव्या पानावर माझं तूरडाळीचंही.

आठ दिवसांत दिल्लीहून तार : 'येतो आहे. विक्री करून दाखवा.' आम्ही चंदीगडजवळच्या खरड गावी एका घरी कार्यक्रम ठरवलाच होता. तिथेच त्यांना न्यायचं ठरवलं. चौघी बसनं गेल्या, मी साहेबांच्या मोटारीतून.  

खरडला अंगणात तीस-एक बायका, कडेला म्हैस, मधोमध स्टोव्ह. घरची म्हातारी, तिला सगळ्या बेबे म्हणतात, ती खाटेवर. हरबंसजींनी राजमा काढला, तर बेबेनं तो बाजूला सारला. "तुम्हारा नहीं. मेरे घर का पकाओ." आणि डब्यातून कोरडा, खडखडीत राजमा काढून दिला. न भिजवलेला!

 हरबंसजींनी दोन दाणे हातात घेतले, खोसलासाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बेबेला म्हणाल्या, "बेबे, ये रात का भीगा नहीं है. आधे घंटे में नहीं गलेगा. जो कहे गल जाएगा, वो झूठ बोलता है."

 खोसलासाहेब माझ्याकडे बघून जोरात खाकरले. म्हणजे आता तू काहीतरी बोल, सावरून घे. दिवाळी, कचेरी, चौघींची घरं, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "हरबंसजी ठीक कहती हैं." आवाज इतका चिरका निघाला की तो माझाच का, अशी मला शंका आली.

बेबेनं क्षणभर आम्हा दोघींना निरखलं. मग मांडीवर थाप मारून खदखदून हसली. खाटेखालून झाकलेली परात ओढून काढली. आत रात्रभर भिजवलेला, टपोरा राजमा! म्हणाली, "पिछले साल एक आदमी आया था. कहता था, पत्थर भी गल जाएगा. मैंने सोचा, देखूँ ये बीबियाँ क्या कहती हैं."

शिट्टी झाली. अंगणातली एक बाई जागची हलली नाही, पण कुकर कंपनीचे खोसलासाहेब थेट म्हशीच्या पलीकडे जाऊन उभे! झाकण उघडलं. बेबेनं एक दाणा चिमटीत धरून दाबला आणि त्याचं पीठ सगळ्यांना फिरून दाखवलं. बरोबर नेलेले सगळे कुकर तिथेच संपले आणि उरलेल्या बायकांनी नावं लिहून दिली. बेबेनं पहिला घेतला.

परतीच्या वाटेवर खोसलासाहेब एकदाच बोलले. "बाकी जगह से सब पंद्रह-पंद्रह आता है. मैं भी कभी घर-घर बेचता था. मुझे मालूम है, पंद्रह नहीं होता." मग म्हणाले, कचेरी राहील, आणि अंबाला-लुधियानाच्या मुली हरबंसजींकडे शिकायला पाठवीन. आमच्या पत्रकाचा कोरा कागदही मागून घेतला!

मी धावत जिना चढून ही बातमी सांगितली. संतोषनं मला मिठी मारली आणि मग काय म्हणाली ठाऊक आहे? "मैडम, एक बात बोलूँ? आपकी हिंदी बहुत खराब है. खरड में आप मत बोला करो." मामा, 'जी मैडम' संपलं! इतका आनंद मला साहेबांच्या शब्दांनीही झाला नव्हता.

हे सगळं तुमच्या त्या एका कार्डामुळे झालं. नापास झालेल्या माणसानंच मला वेळेवर थांबवलं. दिवाळीला येते. पाया पडायचंय, आणि मामीच्या हातचा कुकरमधला भात खायचाय.

तुमची,
शोभना

*

सांगली
५ ऑक्टोबर १९७४

चि. शोभा,

शाब्बास! हे पत्र मी समोरच्या दुकानदाराला वाचून दाखवू शकलो नाही. चष्मा सारखा पुसावा लागला. त्यानंच मला वाचून दाखवलं.

काल कुकर फळीवरून काढला. इतके दिवस तो खोक्यात होता, मी तुला खोटं लिहिलं. मामीनं हरभरे शिजवले. शिट्टी झाली तेव्हा मी ओट्यापाशीच उभा होतो. नाही, दारात होतो. पण घरातच होतो.

तू पाठवलेलं कोरं पत्रक इतके दिवस पंचांगात ठेवलं होतं. आज भरलं. सोबत पाठवतो, भिंतीवर जागा असेल तर लाव.

मामा

तारीख : ४ ऑक्टोबर.
गाव : इस्लामपूर.
भेटी : एक.
काय झालं : बाळकृष्णानं दार उघडलं आणि ओळखलं. आत ये म्हणाला नाही. मी पायरीवरूनच विचारलं, "त्या दिवशी सकाळी दहाला तू कुठं होतास?" त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला ठाऊक होतं, तरी पूर्ण ऐकलं, मध्ये बोललो नाही. सांगून झाल्यावर तो बाजूला सरला आणि त्याच्या बायकोनं आतून विचारलं, चहात साखर किती.
चूक : माझी.
पुढची भेट : रविवारी. त्यानं बोलावलंय.